गुणाकाराची फुली जाऊन स्टार कसा आला

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची मापे कोरली आहेत: २७० हात आणि १८७ हात. लोक २७० मधले शून्य पाहायला जातात. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलांनी या दोन मापांचा गुणाकारही करून पाहावा, पुढे तो उपयोगी पडेल: ५०,४९० चौरस हात.

× ही फुली इंग्रज गणिती विल्यम ऑट्रेड यांच्या १६३१ च्या पुस्तकात आली. जर्मन गणिती लाइब्निट्स यांना ती खटकली. १६९८ मध्ये त्यांनी पत्रात लिहिले की ती एक्स अक्षरासारखी दिसते, त्यापेक्षा टिंब बरे. संगणकावर हीच अडचण दुपटीने आली. एक्स हे तर चलाचे नाव आणि टिंब दशांशासाठी लागणार. म्हणून १९५७ च्या फॉरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेने गुणाकाराला एक स्टार (*) आणि घाताला दोन स्टार (**) वापरले. अल्गोल ६० या भाषेच्या छापील व्याख्येत फुली होती, पण संगणकावरच्या अक्षरांचे संकेत ठरवणाऱ्या १९६३ च्या आस्कीत तिला जागा मिळाली नाही, स्टारला मिळाली. तिथून पुढे स्टारच रुळला. आज युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षरसंचात फुली आहे, तरी ती कुठूनतरी कॉपी करून पायथन भाषेत चिकटवली की अवैध अक्षराची एरर येते.

वहीतली सवयही नडते. कंसाआधी नुसता २ लिहिला की पायथन त्या २ ला फंक्शन समजून बोलावू पाहतो. सी भाषेत स्टार पॉइंटरसाठीही, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलासाठीही आहे. भागाकाराच्या तिरक्या रेघेला तो चिकटला (/*) तर तिथून टिप्पणीच, म्हणजे संगणक सोडून देतो तो मजकूर, सुरू होते. मध्ये एक जागा सोडा.

खरा घोटाळा मात्र चिन्हात नसतो, आकड्याच्या मापात असतो. आर्डुइनो उनो या छोट्या संगणक बोर्डावर (आर३ पर्यंतच्या) इंट, म्हणजे पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार, १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. तिथे १८७ * २७० केले तर ५०,४९० ऐवजी बहुधा −१५,०४६ दिसते, म्हणजे नेमके ६५,५३६ ने कमी. उत्तर साठवणारे चल लाँग, म्हणजे ३२ बिटांचे, केले तरी फरक पडत नाही, कारण गुणाकार आधी इंटमध्येच उरकतो आणि बिघडलेले उत्तर मग लाँगमध्ये जाते. १८७ च्या मागे एल अक्षर जोडले की गुणाकारच ३२ बिटांत होतो आणि बागेचे क्षेत्रफळ बरोबर येते.