काटा नाचतोय: केबल की मीटर?

जुनी मारुती ८००, ऑम्नी, फियाट, अँबॅसिडर, गाडी कुठलीही असो, स्पीडोमीटरचा काटा हलायला लागला की सल्ला एकच: "केबलमध्ये वरून ऑइल सोड." हा सल्ला आता बंद व्हायला हवा. ही केबल गिअरबॉक्सचं फिरणं मीटरपर्यंत नेते. नळीच्या आत फिरणारी केबल पिळाच्या तारांची असते, त्यामुळे फिरताना जास्तीचं ऑइल ती स्क्रूसारखं वर चढवते आणि चांगल्या मीटरमध्ये नेऊन सोडते.

केबल सगळ्यांनी पाहिलेली असते, तिचं वर्णन करत बसत नाही. मीटर मात्र फार थोड्यांनी उघडून पाहिलेला असतो. त्यात केबलने फिरणारा चुंबक आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते. काटा वाटीच्या दांडीवर बसतो आणि वाटी चुंबकाला कुठेच टेकत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात, त्यांच्या ओढीने वाटी वळू पाहते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली हीच रचना. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकाच्या दांड्यावरून थेट गिअरने फिरतात.

म्हणून सोप्या गोष्टी लगेच कळतात. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडचा पिनियन (केबल फिरवणारा छोटा गिअर) गेला. दोन्हींपैकी एकच बंद असेल तर मीटर.

घोळ होतो तो काटा चालू असून नाचतो तेव्हा. केबल कुठे दुमडली किंवा कोरडी पडली की मीटरकडचं टोक क्षणभर अडतं, गिअरबॉक्सकडचं फिरतच राहतं. मधल्या लांबीत पीळ साठतो आणि एकदम सुटतो. काटा आधी खाली येतो, मग उसळतो. म्हणजे खऱ्या वेगाच्या दोन्ही बाजूंना, ठेक्यात झुलतो. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये एका किलोमीटरला केबलचे ६३७ फेरे होतात. ताशी २० ला सेकंदाला साडेतीनच्या आसपास, ताशी ६० ला दहाच्या वर. इतके जलद झटके काट्याला झेपत नाहीत, म्हणून वेग वाढला की केबलचा नाच बहुधा निवळतो.

मीटरचा नाच वेगळा. बुश, म्हणजे चुंबकाचा दांडा ज्यात फिरतो ती बाही, झिजला की चुंबक डगमगतो, वाटीला घासतो आणि तिला आपल्या फिरण्याच्या दिशेने ओढून नेतो. म्हणून काटा वरच उडतो, कधी शेवटाला जाऊन चिकटतो, आणि वेग वाढवला की प्रकार वाढतो. आत चढलेलं ऑइलही हेच करतं.

आता खरी मेख. मीटरचा बुश झिजण्याऐवजी कोरडा होऊन जड झाला, तर तो केबललाच अडवतो. पीळ साठतो, काटा दोन्हीकडे झुलतो, लक्षणं हुबेहूब केबलची. गॅरेजवाला केबल बदलतो, तीही थोड्या दिवसांत तुटते, आणि बोल लागतो "डुप्लिकेट माला"ला. केबल लागोपाठ तुटत असेल तर आधी मीटरवरच संशय घ्या.

तपासणी घरी होते. मीटरमागचा नट सोडा, जुन्या केबलचा चौकोनी टोकाचा तुकडा मीटरमध्ये घालून बोटांनी फिरवा. अगदी हलका फिरला पाहिजे. मग तोच तुकडा वेग कमीजास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये धरून सावकाश फिरवा. काटा शून्याच्या खिळीवर दाबला गेला तर दिशा उलटी आहे, ती बदला. स्थिर वेगाला काटा स्थिर राहिला तर मीटर निर्दोष. आतली केबल उपसून पुसा, इंग्रजी 'यू'सारखी लोंबती धरून एक टोक बोटांत फिरवा. दुसरं टोक मागे राहून टुणकन उडी मारत असेल तर ती केबल टाकून द्या, सरळ करायच्या फंदात पडू नका. चांगली असेल तर पातळसं ग्रीस लावा, पण मीटरकडची वीतभर लांबी सोडून.

केबलऐवजी सेन्सर आणि वायरने वेग कळणाऱ्या गाड्यांना यातलं काहीही लागू नाही. तिथे काटा एकदम शून्यावर पडून परत येतो. आधी सेन्सरचा कनेक्टर आणि वायर पाहा. इंधन-तापमानाचे काटेही सोबत हलत असतील तर अर्थिंग तपासा.