आरसा गेल्यानंतरची छोटी प्राइम: पार्श्वभूमी

मिररलेस, म्हणजे आत हलता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी रोज सोबत ठेवायची छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) शोधायला निघालं की ठरावीक आकडे समोर येतात: फोकल लेंग्थ (दृश्य किती रुंद दिसेल ते ठरवणारं माप) २७, २८, ३५, ४० मिमी; अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ २ किंवा एफ २.८, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, फार तर दोनशे. हेच आकडे का, असं विचारलं की उत्तर मिळतं: आरसा गेला, जागा मोकळी झाली, लेन्स लहान झाली. हे उत्तर अपुरं आहे. आजच्या छोट्या लेन्सचा आकार ठरण्यात २००८ साली घेतलेल्या एका निर्णयाचा वाटा आरशाच्या जाण्याइतकाच आहे, आणि माझ्या मते थोडा जास्तच. लेन्सने वाकवलेल्या रेषा सरळ करायचं काम तेव्हा कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरकडे दिलं गेलं.

जुना भाग थोडक्यात. २४ × ३६ मिमीची चौकट १९२५मध्ये विक्रीला आलेल्या एका लहानशा जर्मन कॅमेऱ्याने रूढ केली. त्याची ५० मिमी एफ ३.५ लेन्स काम झालं की आत ढकलून ठेवता येई. चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी, म्हणजे ‘नॉर्मल’ लेन्स खरं तर ४३च्या जवळची. तरी प्रघात पडला तो ५०चा. पुढे एसएलआर (लेन्समधलं दृश्य आरशातून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) आला आणि हलत्या आरशासाठी लेन्सच्या मागे जागा सोडणं भाग पडलं. माउंटपासून (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती कडी) फिल्मपर्यंतचं अंतर साधारण ४४ ते ४६.५ मिमी झालं. सुरुवातीच्या एसएलआरवर मोठ्या अ‍ॅपर्चरची नॉर्मल लेन्स अनेकदा ५८ मिमीची दिसते, ती याच अडचणीमुळे. ३५ किंवा २८ मिमीसाठी तर १९५०पासून रेट्रोफोकस रचनेचा आधार घ्यावा लागला. त्यात पुढे मोठं ऋण भिंग बसवून मागचं अंतर वाढवलं जातं, त्यामुळे लेन्स लांब आणि जड होते.

पॅनकेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या चपट्या लेन्स ४० ते ४५ मिमीच्या आसपासच का सापडतात, हेही यातून समजतं. १९६९मध्ये एक ४५ मिमी एफ २.८ आली, १९७६मध्ये एक ४० मिमी एफ २.८. फोकल लेंग्थ माउंटच्या अंतराच्या जवळ असली की साधी, मोजक्या भिंगांची रचना चालते. काहींच्या आत तर १९०२च्या टेसार या रचनेचीच चार भिंगं होती. चपटेपणा हवा असेल तर एसएलआरवर दुसऱ्या फोकल लेंग्थना फारसा वावच नव्हता.

मिररलेसमध्ये हे अंतर १६ ते २० मिमीवर आलं, आणि चपट्या लेन्सची सोयीची जागा कमी फोकल लेंग्थकडे सरकली. एपीएस-सी या थोड्या लहान सेन्सरसाठी २०१३मध्ये आलेली २७ मिमी एफ २.८ फक्त २३ मिमी जाड आणि ७८ ग्रॅमची आहे. फुल फ्रेमसाठी, म्हणजे २४ × ३६ मिमीच्या सेन्सरसाठी, २०२३मध्ये आलेली २६ मिमी एफ २.८ साडेतेवीस मिमी जाड, १२५ ग्रॅम. त्याच वर्षीची दुसऱ्या माउंटची २८ मिमी एफ २.८ साधारण २५ मिमी जाड, १२० ग्रॅम. या फोकल लेंग्थच्या इतक्या चपट्या फुल फ्रेम लेन्स एसएलआरवर बसवणं शक्य नव्हतं.

५० मिमीच्या वाट्याला मात्र यातलं काही आलं नाही. एकाच उत्पादकाची एसएलआरसाठीची २०१५ची ५० मिमी एफ १.८ आणि मिररलेससाठीची २०२०ची ५० मिमी एफ १.८ शेजारी ठेवा: दोन्ही १६० ग्रॅमच्या घरात, लांबीही जवळपास तेवढीच. अ‍ॅपर्चर मोठं असेल तर उलटाच प्रवास दिसतो. २०१५मध्ये आलेली मिररलेसची ३५ मिमी एफ १.४ लेन्स ६३० ग्रॅमची होती, आणि २०२०मधली एक ५० मिमी एफ १.२ तर १,०९० ग्रॅमची. आरसा गेल्याने लेन्स आपोआप लहान होत असती तर हे वजन आलं नसतं.

यामागे सेन्सरचाही हात आहे. फिल्मवर प्रकाश तिरका पडला तरी फारसं बिघडत नाही. सेन्सरवर सूक्ष्म भिंगांचा थर आणि त्यावर काच असते. फार तिरका आलेला किरण कोपऱ्यात फिस्कटतो, कधी रंगही बदलतो. रेंजफाइंडर या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या जुन्या वाइड लेन्स अ‍ॅडाप्टरने लावून पाहणाऱ्यांनी हे अनुभवलं आहे. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत मागचं भिंग सेन्सरला हवं तितकं चिकटवता येत नाही. मिळालेल्या सवलतीतला काही भाग असा परत द्यावा लागला.

आता २००८कडे. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या मिररलेस व्यवस्थेचं मानक त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं आणि सप्टेंबरमध्ये पहिला कॅमेरा दाखवला गेला. या व्यवस्थेत लेन्स स्वतःच्या डिस्टॉर्शनची (रेषा वाकवण्याची) माहिती कॅमेऱ्याला कळवते आणि कॅमेरा त्यानुसार चित्र सरळ करतो. माहिती रॉ फाइलमध्येही (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) जाते. पुढच्याच वर्षी एका खुल्या रॉ स्वरूपाच्या नव्या आवृत्तीत अशा सूचना फाइलमध्ये लिहिण्याची सोय झाली.

एसएलआरच्या काळातही सॉफ्टवेअरने रेषा सरळ करता येत होत्या, पण ती नंतरची डागडुजी होती. रचनाकार तिच्यावर विसंबून लेन्स आखू शकत नव्हता, कारण ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला लेन्स जशी आहे तशीच दिसे. खिडकीची चौकट फुगलेली दिसली असती तर लेन्स कोणी घेतलीच नसती. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरवरचं चित्र दुरुस्त होऊनच येतं, त्यामुळे फुगवटा छायाचित्रकाराच्या नजरेस पडतच नाही. आरसा गेल्याचा सगळ्यात मोठा परिणाम मला इथे दिसतो. त्यासोबत माउंटमागचे पंचवीस-तीस मिमी सुटले, आणि रचनाकारावरचं एक जुनं बंधनही.

हे बंधन सुटल्याने काय साधलं? डिस्टॉर्शन म्हणजे एक बिंदू आपल्या जागेवरून सरकणं. किती सरकला हे माहीत असेल तर तो परत आणता येतो. अ‍ॅस्टिग्मॅटिझम किंवा प्रतिमेचं प्रतल वाकणं यांत बिंदूच पसरतो, आणि पसरलेला बिंदू गोळा करणं फार अवघड. म्हणून रचनाकार डिस्टॉर्शन सोडून देतो आणि हाती असलेल्या मोजक्या भिंगांची सगळी ताकद दुसऱ्या दोषांवर लावतो. भिंगं कमी लागतात, लेन्स हलकी होते आणि मध्यभाग आणखी रेखीव येतो. २००९मध्ये आलेल्या १०० ग्रॅमच्या २० मिमी एफ १.७ने छोट्या प्राइमची आवड नव्याने रुजवली, ती याच व्यवस्थेतली लेन्स.

या दुरुस्तीबद्दल वाद पेटला तो लपवाछपवीवरून. स्वतंत्र रॉ सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडणाऱ्यांना भिंती वाकलेल्या आणि चौकट अपेक्षेपेक्षा रुंद दिसली. रुंद, कारण सरळ करताना कडा कापल्या जाणार हे धरूनच लेन्स थोडी जास्त वाइड आखलेली असते. मग लेन्सवर छापलेली फोकल लेंग्थ नेमकी कशाची? भिंगांची, की दुरुस्तीनंतर उरलेल्या चित्राची? एका बाजूचं म्हणणं होतं की लेन्सची पारख भिंगांवरच व्हावी, सॉफ्टवेअरने झाकलेला दोष हा दोषच. दुसरी बाजू म्हणत होती की कॅमेरा आणि लेन्स ही एकच व्यवस्था आहे, हातात येणारं चित्र तेवढं पाहा. त्यात सर्वाधिक वापरातल्या रॉ सॉफ्टवेअरने ही दुरुस्ती आपोआप लावली आणि ती बंद करायची सोय दिली नाही, त्यामुळे पहिल्या बाजूचा संशय वाढला. आज काही कॅमेऱ्यांत काही लेन्ससाठी ती बंदच करता येत नाही.

माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, पण एका अटीवर. तंत्र योग्य आहे. त्याची किंमत ग्राहकाला स्पष्ट सांगितली गेली नाही, हे चूक आहे. किंमत कोपऱ्यांत मोजावी लागते. फुगवटा सरळ करताना कोपरे बाहेर ताणले जातात, म्हणजे थोड्या पिक्सेलना मोठी जागा भरावी लागते आणि तपशील पातळ होतो. त्यात छोट्या लेन्सचे कोपरे काळवंडलेले असतात आणि तेही सॉफ्टवेअरच उजळवतं. कोपरा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळवला तर १६०० आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता) काढलेल्या फोटोच्या कोपऱ्यात साधारण ६४००सारखे कण दिसतात. दिवसा रस्त्यावर एफ ५.६ला काढलेल्या फोटोत हे कोणाला जाणवणार नाही. रात्रीच्या आकाशात, किंवा कडेला माणसं उभी असलेल्या गटाच्या फोटोत जाणवेल. म्हणून अशी लेन्स घेताना वाकलेल्या रेषांचे नमुने पाहून घाबरू नये; दुरुस्त केलेल्या फाइलचे कोपरे पाहावेत, तेही पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर.

‘समतुल्य’ या शब्दाबद्दलही एक खुलासा हवा. २० मिमीला मायक्रो फोर थर्ड्सवर ४० आणि २७ला एपीएस-सीवर साधारण ४० म्हणतात, ते चौकटीच्या रुंदीपुरतं खरं. एक्सपोजरसाठी एफ १.७ तो एफ १.७च राहतो, पण मागची धूसरता फुल फ्रेमवरच्या एफ ३.४इतकीच मिळते. त्यामुळे १०० ग्रॅमची ती लेन्स आणि फुल फ्रेमची १७० ग्रॅमची ४० मिमी एफ २ (२०२१) यांची तुलना वजनावरून करू नये.

शेवटचा धागा ऑटोफोकसचा. सुरुवातीचे मिररलेस कॅमेरे कॉन्ट्रास्ट पाहून फोकस करत, म्हणजे भिंगं सतत पुढेमागे हलवावी लागत. २००९च्या त्या २० मिमीमध्ये भिंगांचा सगळा गठ्ठाच सरकतो. लेन्स चपटी राहते, पण फोकस संथ आणि आवाज करणारा. २०१३मध्ये तिची ८७ ग्रॅमची सुधारित आवृत्ती आली, तरी ही तक्रार मिटली नाही. पुढे सेन्सरवरच फेज डिटेक्शन (फोकस कोणत्या दिशेला किती हलवायचा हे थेट ओळखणारी पद्धत) आलं, आणि आतलं एखादंच हलकं भिंग हलवणाऱ्या रचना वाढल्या. त्यांना आत जागा लागते. २०२१मध्ये एकत्र आलेल्या २४ मिमी एफ २.८, ४० मिमी एफ २.५ आणि ५० मिमी एफ २.५ या तीन फुल फ्रेम लेन्स एकाच मापाच्या आहेत: ४५ मिमी लांब, १६२ ते १७४ ग्रॅम. फोकस करताना त्यांची लांबी बदलत नाही आणि त्या झटकन व शांतपणे काम करतात. २०२३च्या २६ मिमीमध्ये पुढचा भाग अजूनही पुढेमागे सरकतो, म्हणूनच ती निम्म्या जाडीत बसते. ४५ मिमीची लेन्स लावलेला कॅमेरा कोटाच्या खिशात अडकतो, २३ मिमीची असेल तर बसतो. आणि धावतं मूल टिपायला पहिली जास्त भरवशाची.