व्हेंटिलेटर काढणं म्हणजे इच्छामरण नव्हे

भुसावळला मामाच्या शेवटच्या दुखण्यात तीन आठवडे श्वास मशीनच देत होतं. मूत्रपिंडं बंद पडली होती आणि यातून ते परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामीने व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर सही केली. तेवढ्यात एक नातेवाईक म्हणाले, "आपल्या कॅथलिक लोकांत इच्छामरण चालत नाही." रात्री जिन्यात बसून मामीने मला विचारलं, "आपणच मारलं का रे त्यांना?" हे वाक्य नंदुरबारपासून जळगावपर्यंत किती घरांत ऐकलं असेल! दर वेळी तितकंच वाईट वाटतं, कारण चर्चची शिकवण मामीच्या बाजूने आहे.

इच्छामरण चर्चला मान्य नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर वेळ घालवत नाही. घोळ पुढे होतो. लोकांना वाटतं, हाताने काही केलं तर पाप आणि नुसतं काही केलं नाही तर चालतं. वर्तमानपत्रांनी 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' हे शब्द वापरून हा समज पक्का केला. मला 'निष्क्रिय इच्छामरण' हा शब्दच नको वाटतो. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात इच्छामरणाची व्याख्या आहे: वेदना संपाव्यात म्हणून मृत्यू घडवून आणणारी कृती, किंवा त्याच हेतूने टाळलेली कृती. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सहज बरा होणारा न्यूमोनिया झाला आणि "सुटतील एकदाचे" म्हणून मुलाने औषधच आणलं नाही, तर हात न लावताही ते इच्छामरणच.

उलट मामाचं मशीन हाताने बंद केलं, तरी ते इच्छामरण नव्हतं. मी मामीला एवढंच विचारलं, "मशीन काढल्यावर मामा स्वतःहून श्वास घ्यायला लागले असते तर?" ती म्हणाली, "मी मेणबत्त्या लावल्या असत्या." इच्छामरण देणाऱ्याला मात्र माणूस जगला तर काम फसलं असंच वाटणार. फरक इथे आहे. मामीला त्यांचा मृत्यू नको होता, पण तो अडवणं तिच्या हातात उरलं नव्हतं.

उपचार किती करायचे, याचं मापही चर्चने दिलं आहे. आयुष्य टिकवायला नेहमीचे उपाय करायचे, स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भलतं ओझं टाकणारे करायलाच हवेत असं नाही, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये सांगितलं. १९८० च्या घोषणापत्राप्रमाणे घरच्यांवर अवाजवी खर्च पडू नये म्हणून उपचार नाकारणं ही आत्महत्या नाही. म्हणून 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय असं, लिहून पेशंट घरी नेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला नावं ठेवणं बंद करा. फायदा काहीच नसताना शेत विकून आयसीयूचं बिल भरलंच पाहिजे, असं कुठेही सांगितलेलं नाही.

मॉर्फिनबद्दलची भीतीही अशीच. हेतू दुखणं कमी करण्याचा असेल, तर त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी ते देता येतं.

अन्नपाण्याचं मात्र वेगळं आहे. ते नळीतून दिलं तरी चर्च त्याला उपचार न मानता माणसाची नेहमीची काळजी मानतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये हे ठामपणे मांडलं. शरीर ते घेईनासं झालं, किंवा क्वचित ते देण्याचाच पेशंटला फार त्रास होऊ लागला, तरच थांबवायचं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मामीने आपलं इच्छापत्र करून ठेवलंय. त्यात लिहिलंय: बरी होणार नसेन तर मशीन नको, दुखणं थांबवायचं औषध द्या, पाणी बंद करू नका, आणि फादरांना मी शुद्धीत असतानाच बोलवा.