एका यंत्राचे दोन हिशेब

ठाणे–वाशी लोकलमध्ये ऐरोली, रबाळे, घणसोली मागे पडतात आणि शेजारचा कॉलेजकुमार हातातल्या निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवरून मान वर करत नाही. घरी पोचला की तेच यंत्र तो डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये, ठेवतो आणि तोच गेम टीव्हीवर पुढे सुरू होतो. कॅसेट फुंकून व्हिडीओ गेमला लावणाऱ्या माझ्या पिढीला याचं अप्रूप वाटतं.

सुरुवात १९८९च्या गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलपासून करायला हवी. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी मुद्दाम जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र निवडलं. पडद्याला रंग नव्हता, मागे दिवा नव्हता, म्हणूनच चार पेन्सिल सेल दहा तासांहून जास्त पुरायचे. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचा रंगीत गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. १९९५ मध्ये सेगानेच टीव्हीला जोडता येणारा नोमॅड आणला. हायब्रीडचा, म्हणजे हातात आणि टीव्हीवर दोन्हीकडे चालणाऱ्या यंत्राचा, खरा पूर्वज मी त्यालाच मानतो. सेल खाण्यात तोही कमी नव्हता.

३ मार्च २०१७ रोजी स्विच आला, त्यात एन्व्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप होती. डॉकमध्ये तिचा चित्र रंगवणारा भाग ७६८ मेगाहर्ट्‌झवर धावतो, हातात असताना साधारण ३०७ किंवा ३८४वर. गेमचे नियम चालवणारा प्रोसेसर मात्र दोन्हीकडे १०२० मेगाहर्ट्‌झवरच राहतो. शत्रूची चाल, चेंडूची उसळी बदलून चालणार नाही. चित्र लहान झालं तर चालतं. हातातला पडदा ७२०पी, म्हणजे १०८०पीच्या निम्म्याहून कमी ठिपके. हा हिशेब मला फार सुंदर वाटतो.

२०१९ मध्ये स्विचची बॅटरी तीच, ४३१० एमएएच क्षमतेची, ठेवून चिप तेवढी २० नॅनोमीटरच्या निर्मितीतंत्रावरून कमी वीज खाणाऱ्या १६ नॅनोमीटरवर आणली. अडीच ते साडेसहा तासांचा खेळ साडेचार ते नऊ तासांवर गेला.

५ जून २०२५ला आलेल्या स्विच २ने ७.९ इंची १०८०पी पडदा, टीव्हीवर ४केपर्यंत चित्र आणि डॉकमध्येही पंखा दिला. बॅटरी ५२२० एमएएचची झाली, तरी अवधी दोन ते साडेसहा तासच. मोठा, वेगवान पडदा आणि ताकदवान चिप यांची किंमत तिथे मोजली गेली.

स्विच वापरण्यासाठी निन्टेन्डो ५ ते ३५ अंश तापमान सांगते. मे महिन्यात ठाण्याचा पारा त्यापुढे जातो, तेव्हा डॉक टीव्हीच्या बंद कपाटात नको, मोकळ्या हवेत हवा.