आठ जणांचे बहुमत: सिंट मार्टेनच्या आघाडी सरकारांमागची गोष्ट

सिंट मार्टेनच्या संसदेत 15 सदस्य असतात आणि सरकार बनवायला 8 लागतात. जानेवारी 2024 च्या निवडणुकीनंतर लुक मर्सेलिना यांनी चार पक्षांची मोट बांधून नेमके आठच जमवले. 3 मे रोजी मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, आणि त्याच महिन्यात एक सदस्य बाजूला झाल्याने सरकार अल्पमतात गेले. 19 ऑगस्टला मतदार पुन्हा मतदानाला. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटेल. बेटावरच्या लोकांना मात्र यात नवे काही वाटले नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या या बेटाची 1648 सालच्या तहाने वाटणी झाली. उत्तरेकडचा भाग फ्रान्सकडे आहे. दक्षिणेकडचा जेमतेम 34 चौरस किलोमीटरचा तुकडा म्हणजे सिंट मार्टेन. तो नेदरलँड्सच्या राजसत्तेखाली असला तरी त्याला स्वतःची राज्यघटना, संसद आणि पंतप्रधान आहे. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, राजधानी फिलिप्सबर्ग, पोट पर्यटनावर.

हा दर्जा तसा अलीकडचा आहे. 1954 पासून सहा बेटे मिळून ‘नेदरलँड्स अँटिलीस’ हा डच राजसत्तेचा एक घटक होता आणि कारभार कुरासाव बेटावरच्या विलेमस्टाडमधून चाले. 1986 मध्ये अरुबा त्यातून बाहेर पडले. त्यानंतर अँटिलीसच्या 22 जणांच्या संसदेत एकट्या कुरासावच्या 14 जागा होत्या, तर सिंट मार्टेनच्या 3. पण कुरासावमध्ये पक्षांची गर्दी असल्याने तिथल्या सरकारांना छोट्या बेटांच्या दोन-तीन मतांची गरज पडायची. हाती मते थोडी, पण ती योग्य वेळी वापरली तर पदरात बरेच पडते, हा धडा सिंट मार्टेनच्या पुढाऱ्यांनी तिथेच गिरवला असावा. जून 2000 च्या सार्वमतात सुमारे 70 टक्के मतदारांनी वेगळ्या दर्जाच्या बाजूने कौल दिला. 10 ऑक्टोबर 2010 रोजी अँटिलीस विसर्जित झाले आणि सिंट मार्टेन स्वतंत्र घटक झाला.

पहिल्याच निवडणुकीत नॅशनल अलायन्सला सर्वाधिक 7 जागा मिळाल्या, तरी तो पक्ष विरोधात बसला. थिओ हेलिगर यांच्या युनायटेड पीपल्स पक्षाच्या 6 आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या 2 मिळून आठाचा आकडा गाठला गेला. पंतप्रधानपद गेले ते दोन जागांवाल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सारा वेस्कॉट-विल्यम्स यांच्याकडे. 2012 मध्ये त्यांनी भागीदार बदलून नॅशनल अलायन्स आणि अपक्षांना सोबत घेतले, 2013 मध्ये पुन्हा जुन्या भागीदाराकडे परतल्या. चार वर्षांत तीन मंत्रिमंडळे झाली, पंतप्रधान एकच. दोन जागांच्या बळावर एवढे टिकणे हे कसबच म्हणायचे.

सदस्य एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याला तिथे ‘शिप जंपिंग’ म्हणतात. आपल्याकडे 1985 साली पक्षांतरबंदी कायदा आला (त्याने किती बंदी घातली हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको). तिथे पक्ष सोडणाऱ्याची जागा जात नाही. ती त्या सदस्याची स्वतःची मानली जाते. मतदार पक्षाच्या यादीतल्या एका उमेदवारालाच मत देतो, त्यामुळे प्रत्येकाचा स्वतःचा, घरोबा-ओळखीतून जमलेला गट असतो. हजाराच्या आतबाहेर मतांना एक जागा पडते. शिवाय मंत्री झालेल्याला संसदेची जागा सोडावी लागते आणि यादीतला पुढचा माणूस आत येतो. म्हणजे पंतप्रधानांसह सात जणांचे मंत्रिमंडळ बनवताना संसदेतले चेहरेही बदलतात, आणि आघाडीचा करार पाळण्याची वेळ कधीकधी भलत्याच माणसांवर येते.

यात हेगचा, म्हणजे डच सरकारचा, हातही आहे. 2014 च्या निवडणुकीनंतर भावी मंत्र्यांची कसून चौकशी झाल्याशिवाय त्यांना शपथ देऊ नये, असा आदेश तिथून गव्हर्नरांना आला. मार्सेल गम्ब्स यांचे सरकार डिसेंबरमध्ये सत्तेवर आले. सप्टेंबर 2015 मध्ये संसदेने अविश्वास ठराव मंजूर केला, तेव्हा पायउतार होण्याऐवजी मंत्रिमंडळाने संसदच बरखास्त करण्याचा पवित्रा घेतला. घटनेच्या 59 व्या कलमाने तशी सोय आहे. नव्या बहुमताला निवडणूक नको होती. कित्येक आठवडे चाललेल्या ओढाताणीनंतर नोव्हेंबरमध्ये विल्यम मार्लिन पंतप्रधान झाले.

मार्लिन यांना बुडवले ते वादळानंतरच्या पैशाने. 6 सप्टेंबर 2017 रोजी इर्मा चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले. नेदरलँड्सने 55 कोटी युरोंची मदत देऊ केली, पण सार्वजनिक कारभाराच्या सचोटीवर देखरेख करणारी संस्था आणि सीमेवर डच नियंत्रण या अटींवर. मार्लिन यांनी हा स्वायत्ततेवर घाला मानला. संसदेतल्या बहुमताला छपरे महत्त्वाची वाटली आणि नोव्हेंबरमध्ये मार्लिन सरकार पडले. लोकांच्या घरांवर ताडपत्र्या असताना तत्त्वासाठी अडून बसणे परवडणारे नव्हते, असे मला वाटते. पण अटी घालायला हेगने वेळही तीच निवडली, हेही खरे.

मधल्या एक-दोन पंतप्रधानांनंतर आलेल्या सिल्व्हेरिया जेकब्स त्या मानाने टिकल्या. नॅशनल अलायन्स आणि युनायटेड पीपल्स पक्षाच्या बळावर मार्च 2020 मध्ये बनलेले त्यांचे मंत्रिमंडळ चार वर्षे चालले. करोनाच्या काळात डच कर्जाच्या बदल्यात सरकारी नोकरांच्या वेतन-भत्त्यांत 12.5 टक्के कपात करावी लागली, तरीही.

ऑगस्ट 2024 नंतर मर्सेलिना यांनी पुन्हा चार पक्षांचेच सरकार बनवले. आधीच्या चारांपैकी एक पक्ष यावेळी नव्हता, त्याची जागा सोआलिगा ॲक्शन मूव्हमेंट या नव्या पक्षाने घेतली. शपथविधीला मात्र नोव्हेंबर उजाडला.