उद्यमबागेची धूळ आणि काळजाचं दुखणं : पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे भागातल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, शेक-आउट चालू असताना दारात उभं राहिलं, तर आतला माणूस दिसायला थोडा वेळ लागतो. साचा फोडला की जळकी वाळू, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड एकदम वर उठते. पलीकडे फेटलिंगवाले ग्राइंडरने कास्टिंगच्या कडा घासत असतात, तोंडाला रुमाल बांधून. सुट्टी झाली की नाक शिंकरलं तरी काळंच येतं आणि मग तोंडात गुळाचा खडा जातो. धुळीवर गूळ ही आपल्याकडची जुनी समजूत, काही कारखाने तर कामगारांना गूळ वाटतातही. घसा मोकळा झाल्यासारखा वाटतो हे खरं, पण गूळ पोटात उतरतो आणि धूळ फुफ्फुसात. दोघांच्या वाटा वेगळ्या.

धुळीने दमा होतो, हे कामगाराला कुणी सांगावं लागत नाही. पंचेचाळिशीत ‘अटॅक’ आला की मात्र बोट तंबाखूकडे जातं, टेन्शनकडे जातं, नशिबाकडे जातं. तंबाखूचा दोष मोठा आहेच. पण अशा वेळी धुळीचं नाव का निघत नाही, याचं उत्तर जुन्या इतिहासात आहे.

बेळगावाला लोखंडाचं काम नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती इथेच आणि त्यांचा लोखंडी नांगरही इथलाच. १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. पुढे शहराभोवती फौंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्सचं मोठं जाळं उभं राहिलं. त्याआधीपासून गोकाक धबधब्याजवळ सूतगिरणी होती, शहापूर-वडगाव-खासबागेत माग होते आणि निपाणीच्या वखारींत बायका तंबाखू चाळत होत्या. वाळूतली सिलिका, लोखंड, कापूस, तंबाखू. एकाच जिल्ह्यात इतक्या तऱ्हांची धूळ माणसांच्या छातीत गेली आहे.

सरकारी आणि वैद्यकीय नजर मात्र पहिल्यापासून फुफ्फुसावर राहिली. खाणकामगारांच्या सिलिकोसिसवर (सिलिकाची धूळ साचून होणारा फुफ्फुसाचा रोग) १९३० मध्ये जोहान्सबर्गला आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि धुळीचा रोग म्हणजे एक्स-रेत दिसणारा रोग, ही ओळख पक्की झाली. आपला कारखाने कायदा १९४८ चा; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. त्याचं १४ वं कलम धूळ आणि धूर जिथे निर्माण होतो तिथेच ओढून घ्यायला सांगायचं. ज्या रोगांची खबर देणं बंधनकारक होतं त्यांची यादीही कायद्याला जोडलेली होती. तिच्यात सिलिकोसिस होता, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस होता, शिशाची विषबाधा होती. हृदयविकार नव्हता. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, फॅक्टरी इन्स्पेक्टरचं खातं बदललं, यादी तीच राहिली. याच कायद्याचं १०८ वं कलम म्हणायचं की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात. सीमाभागात या एका ओळीचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

कापसाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बिसिनोसिसची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी या रोगाचा मोठा अभ्यास केला. पण १९५१ साली त्यांनी छापलेल्या अहवालाचा विषय होता कापूस कामगारांमधला हृदयविकार. कार्डरूममध्ये, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात, हृदयविकाराच्या नावावर नोंदलेले मृत्यू जास्त दिसत होते, म्हणून तपास सुरू झाला आणि मग तो फुफ्फुसांकडे वळला. म्हणजे काळजाचा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच टेबलावर आला होता.

तो परत आला शहरांच्या हवेतून. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यात हजारो माणसं दगावली. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या आठ हजारांवर लोकांचा चौदा-सोळा वर्षं मागोवा घेतलेला हार्वर्डचा अभ्यास १९९३ मध्ये आला. सर्वांत घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघालं, आणि त्यात हृदय-फुफ्फुसांच्या रोगांचा वाटा मोठा होता. १९९५ मध्ये अँथनी सीटन आणि सहकाऱ्यांनी कारण मांडलं : अतिसूक्ष्म कण फुफ्फुसाच्या तळाशी दाह निर्माण करतात आणि त्याने रक्त गोठण्याकडे झुकतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट श्येग्रेन यांनी हाच विचार कारखान्यातल्या धुळीला लावला.

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाका-घशात अडकते आणि शिंकेवाटे, थुंकीवाटे बाहेर पडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा) थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे दाह होतो, त्याची रसायनं रक्तात उतरतात, धमन्यांच्या अस्तराला इजा होते, नाडीची लय सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवर ताण येतो. आधीच अरुंद झालेल्या धमनीत गुठळी अडकायला मग वेळ लागत नाही. ओतकामाच्या वेळी कार्बन मोनॉक्साइड असतो, भट्टीची धग असते, रात्रपाळी असते. सगळ्यांचा भार एकाच हृदयावर. रुमालाने यातलं बारीक फारसं काही अडत नाही.

पुरावाही साचत गेला. स्वीडनमधल्या बांधकाम मजुरांच्या १९७१ ते २००२ च्या नोंदींत कामावर धूळ-धूर घेणाऱ्यांना हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मरण्याचा धोका सुमारे १३ टक्के अधिक आढळला. अमेरिकेतल्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यांमधल्या जवळपास बारा हजार कामगारांच्या अभ्यासातही सूक्ष्म कण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला.

मर्यादांचे आकडे पाहिले की जीव तुटतो. बाहेरच्या हवेत अडीच मायक्रॉनखालच्या कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून फक्त ५. कारखाने कायद्यात श्वसनयोग्य कोळसाधुळीला आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला २ मिलिग्रॅम चालत, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. मोजण्याची रीत आणि कालावधी वेगळे आहेत, ही तुलना काटेकोर नाही. पण कारखान्याची ती मर्यादा फुफ्फुस डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली, हे उघड आहे.

आणि एक अडचण आकड्यांतच दडलेली आहे. ज्याला धाप लागते तो काम सोडतो आणि मागे राहतात ते धडधाकट. म्हणून हजेरीपटावरचे कामगार नेहमी बाहेरच्यांपेक्षा निरोगी दिसतात आणि धुळीचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. अ‍ॅल्युमिनियमच्या अभ्यासकांना हा पेच सोडवण्यासाठी खास गणिती पद्धती वापराव्या लागल्या. आपल्याकडे हे समजायला गणित लागत नाही. वीस वर्षं फेटलिंग केलेला गडी चाळिशीत गावी परततो, कुणी खानापूर तालुक्यात, कुणी हद्दीपलीकडे चंदगडला. दोन-चार वर्षांनी छातीत कळ येते, घरचे ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा देतात, मग दवाखाना. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं जातं : शेती.