शैक्षणिक सहल म्हणजे निसर्गफेरी नव्हे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांचे फोन सुरू होतात. "बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दीडशे मुलांची निसर्गफेरी करायची आहे, माणशी किती घ्याल?" या एका वाक्यातला घोळ मी गेली बारा वर्षं निस्तरते आहे. दीडशे मुलांची सहल होते, निसर्गफेरी होत नाही. दोन्हींना एकच नाव पडल्यामुळे मुलांना मिळते सहल आणि शाळेच्या अहवालात लागते निसर्गफेरी.

सहल कशी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटेची बस, खिडकीवरून भांडण, भेंड्या, सफारी, कान्हेरीच्या पायऱ्यांवर ग्रुप फोटो, परतीच्या वाटेवर झोपलेली मुलं. सहलीवर माझा राग नाही. मुलांनी एकत्र डबा खाणं, हुंदडणं याला शाळेत जागा हवीच. फक्त तिला सहल म्हणा.

सहल आणि फेरी यांतले काही फरक किरकोळ आहेत. फेरीला भडक कपडे नकोत, बूट हवेत, सकाळी लवकर पोचावं कारण पाखरं तेव्हाच बोलतात. सोमवारी उद्यान बंद असतं.

'उद्यान' या शब्दाने मात्र बरंच नुकसान केलं आहे. ऐकणाऱ्याला बाग वाटते, झोपाळे वाटतात. प्रत्यक्षात हे मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध पसरलेलं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. त्यात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, आदिवासी पाडे आहेत, मोकळे फिरणारे बिबटे आहेत. इथून पानही तोडून न्यायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा तसं सांगतो. तरी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेची मुलं 'पानांचा संग्रह' असा प्रकल्प घेऊन येतात आणि पिशव्या भरू लागतात. पानाचं चित्र काढा. चित्र काढताना त्याच्या शिरा मोजाव्या लागतात, चिकटवताना लागत नाहीत.

आता मुख्य घोळ. शिक्षक मला म्हणतात, "आमच्याबरोबर माहिती सांगणारे सर असतात, मग ती निसर्गफेरीच झाली ना?" नाही. माहिती सांगणारा माणूस आला की सहलीची फेरी होते, ही समजूत सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. झाडाचं नाव कानावर पडण्याआधी मुलाने ते झाड पाहिलं का, फरक इथे पडतो.

उंबराचंच घ्या. सर थांबतात, बोट दाखवतात. "हे उंबर. शास्त्रीय नाव फायकस रेसिमोसा. औषधी आहे. लिहून घ्या." पुढची पाच मुलं झाडाकडे बघतात, मागची पस्तीस पुढच्याच्या वहीत बघतात. दोन मिनिटांत रांग पुढे सरकते. वहीत उंबर आलं, डोळ्यांत आलं नाही.

आता तेच झाड, बारा मुलं, आणि नाव कुणी सांगितलेलं नाही. विचारायचं फक्त, "काय दिसतंय?" आधी कुणी काही बोलत नाही. मग एकजण म्हणतो, फळं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडालाच लगडलीत. दुसरी म्हणते, खाली इतकी पडलीत, म्हणजे वर कुणीतरी खातंय. वर बघितलं की हरियल दिसतात, कधी माकडं. मग हमखास कुणीतरी विचारतं, "फळं एवढी आहेत, तर फुलं कुठायत?" हा प्रश्न मी कधीच आधी विचारत नाही, तो मुलांकडूनच यायला हवा. कुणाला तरी आजीच्या तोंडचं 'उंबराचं फूल' आठवतं, क्वचित दिसणाऱ्या माणसाला म्हणतात ते. तेव्हा खाली पडलेलं एक उंबर तिथेच फोडायचं आणि भिंग हातात द्यायचं. फुलं आतच असतात, शेकड्यांनी, भिंतीला चिकटलेली. देठाच्या समोरच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यातून चिलटाएवढी गांधीलमाशीची जात आत शिरते, परागीभवन करते, तिथेच अंडी घालते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखी, ते बहुधा आतच मरतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं उंबर शोधतात. हे सगळं कळल्यावर नाव सांगितलं तर ते बसतं. एका झाडाखाली पंचवीस मिनिटं जातात, आणि जायलाच हवीत.

म्हणूनच आकडे महत्त्वाचे. एका मार्गदर्शकामागे बारा, फार तर पंधरा मुलं. दोन तासांत चालणं जेमतेम अर्धा किलोमीटर. "एवढ्याशासाठी एवढे पैसे?" असं पालक विचारतात. हो, एवढ्याशासाठीच. उद्यानातली शिलोंड्याची अख्खी वाट चालून दमलेल्या मुलाला घरी गेल्यावर चालणं आठवतं. मुंग्यांनी पानं शिवून केलेल्या घरट्यापाशी बसलेल्या मुलाला ती मुंगी आठवते.

छापील प्रश्नपत्रिका तर मला अजिबात चालत नाही. 'दिसलेल्या पाच पक्ष्यांची नावे लिहा' असं विचारलं की मुलं पाच नावं जमवायला पळतात, आणि तांबट दोन हातांवर टुक टुक करत असला तरी वर बघत नाहीत. कोरी वही द्या.

सफारीबद्दल जास्त काळजी वाटते. जाळीच्या गाडीतून मुलं सिंह बघतात आणि निबंधात लिहितात, 'बोरिवलीच्या जंगलात सिंह राहतो.' सिंह तिथे कुंपणात ठेवलेले आहेत. आपल्या देशात मोकळा सिंह फक्त गुजरातेत, गीर आणि आसपासच्या भागात आहे. इथल्या जंगलाचा खरा धनी बिबट्या, तो सफारीच्या रस्त्यावर वाट बघत उभा नसतो. फेरीत तो दिसणार नाही, हे मी आधीच सांगते. ओल्या मातीतला ठसा दिसेल, झाडाच्या सालीवरचे ओरखडे दिसतील, विष्ठेत केस सापडतील. एकदा चितळ अचानक ओरडलं आणि सगळी मुलं आपोआप गप्प झाली. पाच मिनिटं कुणी हललं नाही. बिबट्या होता की नाही, ते आम्हाला कळलं नाही, पण जंगलात कोण कुणाला काय सांगतं हे मुलांनी कानांनी ऐकलं.

कान्हेरीतही हेच. शंभराहून अधिक लेणी आणि त्यांची शतकं पाठ करून घेण्याऐवजी मुलांना एकाच लेण्यापाशी थांबवा आणि पाणी शोधायला सांगा. खडकात कोरलेल्या पन्हळी, त्यांचा उतार, शेवटी टाकं. बोट फिरवत माग काढला की चौथीतलं मूलही सांगतं, पाऊस इथून येतो, इथे साठतो. मग भिक्खू पावसाळ्यात एका जागी का राहत, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

अगदी लहान मुलं असतील तर मी गोरेगावला चित्रनगरीशेजारच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) केंद्राचं नाव सुचवते. उद्यानाला लागूनच आहे, वाटा छोट्या आहेत.

आणखी एक गोष्ट सहलीला जमतच नाही, ती म्हणजे त्याच जागी पुन्हा येणं. २०२४ मध्ये इथली कारवी फुलली, त्याआधी २०१६ मध्ये, त्याआधी २००८ मध्ये. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदा जांभळी फुलते आणि मरते. पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. त्या सप्टेंबरात फुलं बघायला बसच्या बस आल्या आणि गेल्या. एका शाळेचा चौथीचा छोटा गट मात्र पुढच्या उन्हाळ्यात परत आला. वाळकी बोंडं तडतडत फुटत होती, बिया उडत होत्या. पावसात तीच मुलं तिसऱ्यांदा आली, तेव्हा मेलेल्या काठ्यांच्या बुंध्याशी बोटभर रोपं उगवली होती. एका मुलीने त्यातल्या एका रोपाशेजारच्या दगडाचं चित्र काढून घेतलं, पुन्हा आल्यावर जागा सापडावी म्हणून. २०३२ मध्ये ती बारावीत असेल.